हसले तर हसले

प्रिय मित्रा,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. गाण्याचा क्लास सोडायचं ठरवलंयस आणि त्यासाठी कामाचा ताण, तासाची अडचणीची वेळ, घशाची तक्रार अशी कारणांची रांग लावली आहेस. खरं कारण मात्र शेवटच्या पानावर, कंसात, बारीक अक्षरात आहे. तुझा सूर चुकला तेव्हा पुढे बसलेल्या दोन मुलांनी मागे वळून पाहिलं आणि ती एकमेकांकडे बघून हसली. तुझ्या पत्रातले कंस मी आधी वाचते, हे एव्हाना तुला कळायला हवं होतं.

त्यापुढचं तुझं वाक्य मला जास्त लागलं. "लोकांना आपल्याकडे बघायला वेळ नसतो असं तू नेहमी म्हणतेस, पण त्यांनी बघितलं ना!" हो, बघितलं. म्हणून या वेळी तो दिलासा देत नाही. तसाही तो अर्धाच आहे.

त्यामागचा प्रयोग तुला कधी सांगितला होता का, आठवत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, 2000 साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावायचा. त्या मुलांच्या दृष्टीने हा गायक छातीवर मिरवणं म्हणजे शुद्ध लाज. मग त्याला अशा खोलीत पाठवायचं, जिथे बाकीचे आधीच येऊन प्रश्नावली भरत बसलेत. थोड्याच वेळात बाहेर बोलवायचं आणि विचारायचं, तुझ्या टी-शर्टवर कोण आहे हे कितीजण सांगू शकतील? टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना सांगता आलं.

आपल्याला वाटतं त्याच्या निम्मेच लोक बघत असतात, असं यावरून सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण मला त्या पाव लोकांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. त्यांनी बघितलंच की! कुणी बघत नाही या भरवशावर जो मोकळा होतो, तो पहिली मान वळलेली दिसली की पुन्हा आत जाऊन दार लावून घेतो. तुझं तेच झालं. तेव्हा मोकळं व्हायचं असेल तर बघणारे बघणार आणि हसणारे हसणार, हे धरूनच व्हायला हवं.

तर समजू या, ती मुलं हसली आणि तुझ्यावरच हसली. पुढे काय?

आता जरा आपल्या दोघांकडे बघ. आपण काय कमी लोकांना नावं ठेवतो? कुणाचा नवा चष्मा, कुणाचं लांबलेलं भाषण, कुणाचं दर वाक्याला "म्हणजे कसं आहे" म्हणणं. भुवई उडवून हसू दाबण्यात आपला हात कोण धरणार! पण त्यानंतर काय होतं, हे आठव. ज्याच्या भाषणाला आपण हसलो, त्याच्याच शेजारी बसून तासभर गप्पा मारल्या. त्याच्यावर काही वेळ आली तर सगळ्यांत आधी तूच धावशील. नावं ठेवणं वेगळं आणि माणूस मनातून उतरणं वेगळं. दुसऱ्यांच्या बाबतीत हे आपल्याला छान कळतं. स्वतःवर वेळ आली की मात्र दोन्हींची गल्लत करतो, आणि कुणी दोन क्षण हसलं की ते आपल्याबद्दलचं कायमचं मत समजून घरी घेऊन येतो.

शिवाय ते मत काय असेल, याचा आपला अंदाजही कच्चा असतो. अनोळखी माणसांना एकमेकांशी गप्पा मारायला लावून नंतर वेगवेगळं विचारलं, तर बहुतेकांना वाटतं की समोरच्याला मी फारसा आवडलो नाही. समोरच्याला तर तो आवडलेला असतो, आणि त्यालाही स्वतःबद्दल तेच वाटत असतं. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2018 चा. दोन माणसं एकमेकांना आवडून दोघंही खजील होऊन घरी जातात, याला काय म्हणावं!

तुझं पत्र मी पुन्हा उघडून बघितलं. त्यात दोन वाक्यं अवतरणचिन्हांत आहेत. "या वयात कशाला आला हा?" आणि "याला गळाच नाही." वाचणाऱ्याला वाटेल, मुलं असं म्हणाली. म्हणाली का रे? ती फक्त हसली, तेही क्षणभर. ही वाक्यं तुझी आहेत. तूच लिहिलीस, त्यांच्या तोंडी घातलीस आणि वर त्यांच्यावर रागावलास.

चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्येच हे नेमकं मांडून ठेवलंय. आधी आपण कल्पना करतो की समोरच्याला आपण कसे दिसत असू. मग कल्पना करतो की ते बघून त्याचं काय मत होत असेल. आणि मग त्या मताचा अभिमान तरी वाटतो किंवा लाज तरी. या सगळ्यात समोरचा माणूस एकदाही तोंड उघडत नाही, हे तुझ्या लक्षात आलं का?

सूर खाली गेला, ही झाली माहिती. ती कामाची आहे, तुझ्या बाईंकडून ती मागून घे. "हा माणूस हास्यास्पद आहे" ही त्यात तू पदरची घातलेली भर. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिली ठेवावी आणि दुसरी सोडावी. निगरगट्ट व्हायला मी सांगत नाही. कुणाचंच काही वाटून न घेणारी माणसं आपण दोघांनीही पाहिली आहेत. ती स्वतः अगदी मोकळी असतात, त्रास फक्त आजूबाजूच्यांना होतो. जनाची नाही तर मनाची तरी असावीच. आणि ही भीती काही तुझा दुबळेपणा नाही. माणूस कळपाने जगत आला आहे, कळपाबाहेर पडणं म्हणजे जिवावर बेतणं होतं. मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञाचं तर 1995 पासून म्हणणं आहे की आपला स्वाभिमान म्हणजे एक प्रकारचं मोजमाप आहे, लोकांनी आपल्याला किती आपलं म्हटलंय याचं. ते पार बंद पडावं अशी इच्छा धरू नये. फक्त ते फार हळवं असतं, दोन पोरांच्या हसण्यानेही काटा तळाला जातो.

आता माझं ऐक. माझा हात थरथरतो, हे तुला ठाऊक आहे. चारचौघांत काही वाचून दाखवायचं म्हटलं की कागदाचा वरचा कोपरा फडफडायला लागतो. पातळ कागद मोठा चुगलखोर असतो, बोटातलं एवढंसं कंपन तो ढळढळीत करून दाखवतो. म्हणून मी खाली जाड पुठ्ठ्याची फाईल धरायचे, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवून. वाचताना निम्मं लक्ष मजकुरावर, निम्मं त्या कोपऱ्यावर. ऐकणाऱ्यांचे चेहरे मी कधी बघितलेच नाहीत, कारण मान वर करायचीच सोय नव्हती. तरी ते मनातून हसताहेत याची मला पक्की खात्री!

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये नेमका हाच फेरा उलगडून दाखवला. भीती वाटली की लक्ष बाहेरून आत वळतं. छातीतली धडधड, कानशिलांची गरमी, हाताचा कंप हे आपल्याला मोठं जाणवतं आणि तेवढंच ते बाहेरूनही दिसत असणार असं आपण धरून चालतो. मग लपवण्यासाठी काही ना काही युक्त्या करतो. त्यातली मेख अशी की काही वाईट घडलं नाही, तर श्रेय त्या युक्तीला जातं. माझ्या बाबतीत ते फाईलला मिळत राहिलं. हात थरथरला तरी आभाळ कोसळत नाही, हे कळण्याची संधीच मी स्वतःला दिली नव्हती.

मग एकदा फाईल खुर्चीवर ठेवली आणि नुसता कागद घेऊन उभी राहिले. कागद थरथरला. अगदी छान थरथरला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंना तो दिसलाही, त्यांची नजर तिथे गेली हे मी पाहिलं, कारण त्या दिवशी मी वर बघत होते. मग त्यांची नजर परत माझ्या चेहऱ्यावर आली, आणि वाचून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या परिच्छेदातल्या एका मुद्द्यावर असा खोचक प्रश्न विचारला की मी हात वगैरे सगळं विसरले. हात आजही थरथरतो. तो थांबेल तेव्हा मी मोकळी होईन असं मला वाटायचं. मोकळेपणा आधी आला, हात त्याच्या मागे अजून आलेलाच नाही.

तुझी फाईल कोणती, ते तूच लिहिलंयस. शेवटची रांग, भिंतीला पाठ आणि कुणाला ऐकू जाणार नाही असा दबका आवाज. अरे, दबकून गायलं की श्वास नीट सुटत नाही, आणि श्वास अडला की सूर आणखी डळमळतो. म्हणजे लपायच्या नादात तू त्यांना हसायला आयतं निमित्त पुरवतोस. बाई तुला "मोकळा आवाज लाव" म्हणतात, असं तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस. त्या तुझी थट्टा करत नव्हत्या.

अल्बर्ट एलिस यांची गोष्ट तुला आवडेल. पुढे ते मोठे मानसोपचारतज्ज्ञ झाले, पण एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती वाटायची. त्यांनी स्वतःला नेम घालून दिला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात रोज जायचं, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे महिनाभरात ते 130 जणींच्या शेजारी जाऊन बसले. 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायला यायचं कबूल केलं आणि ती आली नाही. (बाकावर एकटं बसायला आवडणारी बाई म्हणून माझी सहानुभूती त्या 30 जणींना आहे. तू यातलं काहीही करू नकोस.) हाती शून्य, पण भीती गेली. नकार मिळतो, मिळून झाला की आपण तिथेच बसलेले असतो, हे त्यांना कळलं. पुढे ते उपचारासाठी येणाऱ्यांना मुद्दाम लाजिरवाण्या गोष्टी करायला पाठवत. केळ्याला दोरी बांधून त्याला रस्त्यावरून फिरवून आणायचं, ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. तुला केळं फिरवायला सांगत नाही. पुढून दुसऱ्या रांगेत बस, एवढं पुरे.

आणि एकटा बसू नकोस. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात केलेले रेघांचे प्रयोग तू वाचले असशील. समोर ढळढळीत लांब-आखूड रेघा, त्यातली नमुन्याच्या रेघेएवढी कोणती ते सांगायचं, बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देणार, मग हा एकटा काय म्हणतो? जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं लोकांच्या मागे वाहत गेली. त्यातला जो भाग कमी सांगितला जातो, तो मला जास्त आवडतो. त्या घोळक्यात बरोबर उत्तर देणारं फक्त एक माणूस बसवलं, तर हे वाहत जाणं आधीच्या पाव हिश्श्यावर आलं. सगळ्या जगाने पाठीशी उभं राहायची गरज नसते, एक माणूस बरोबर असलं तरी पाय टिकतात. तुझ्या क्लासला येणाऱ्या त्या निवृत्त बाईंबद्दल तू लिहिलं होतंस. त्याही बेसूर होतात आणि खळखळून हसतात म्हणालास. तुझी जागा त्यांच्या शेजारी आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लिहिते. ही धास्ती फक्त क्लासपुरती असेल तर आपण दोघं निस्तरू. पण लोकांसमोर जेवणं, फोन उचलणं, कामाच्या ठिकाणी तोंड उघडणंही तू टाळायला लागला असशील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. त्यासाठी नीट आखलेले उपचार आहेत आणि त्यांनी बऱ्याच जणांना फरक पडतो. मला कळवलं नाहीस तरी चालेल, जाऊन ये.

पुढच्या तासाला जा. गाऊन झालं की रात्री फोन कर. मुलं हसली का, हे मी विचारणार नाही. काय म्हटलंस आणि कुठल्या पट्टीत, ते मला सांग. आणि बाईंनी काय सुधारायला सांगितलं तेही, त्यांच्याच शब्दांत, तुझ्या नव्हे.

तुझी,
कंस आधी वाचणारी मैत्रीण