माळ्यावरची ट्रंक

परळ, मुंबई
रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई आपल्या मनाने सांगते, म्हणून पत्र. आई, तू परवा म्हणालीस की माळा आवरायला काढलाय आणि बाबांची लोखंडी ट्रंक भंगारवाल्याला दाखवायची आहे. दाखवू नकोस. निदान हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत तरी नको.

ऑफिसने इंग्लंडला पाठवलं होतं, तिथली थंडी आणि बेचव बटाटे सांगून झालेत. एक रविवार सांगायचा राहिला. मुक्कामाजवळच्या बागेतून जात होते आणि कोळशाचा वास आला. बाबा, नुसता कोळसा नाही. गरम तेल, ओली राख आणि वाफ, सगळं एकत्र. तुम्ही इंजिनांच्या वर्कशॉपमधून घरी आलात की तुमच्या डब्याच्या पिशवीला यायचा तोच. वासाच्या मागे गेले तर झाडांमधून रूळ टाकलेले, दोन रुळांत सव्वासात इंच अंतर, म्हणजे जेमतेम माझी वीत. त्यावर माझ्या गुडघ्याच्या जरा वर येईल एवढं इंजिन उभं होतं आणि बॉयलर सूट घातलेले एक आजोबा त्याच्यापुढे उकिडवे बसले होते.

खेळणं नव्हे हो. आपल्या मॉलमध्ये भोंगा वाजवत फिरते ती बॅटरीची गाडी डोळ्यांपुढे आणू नका, ती मला बघवत नाही. याच्या आत खरी आग, खरं पाणी. सुरुवातीला आगीला हवेची ओढ नसते म्हणून धुराड्यावर छोटा विजेचा पंखा बसवला होता. रॉकेलसारख्या तेलात भिजवलेला लाकडी कोळसा आधी, मग दगडी. मी तिथे पाऊण तास उभी होते, वाफेच्या दाबाचा काटा हलायची वाट बघत. वाफ पुरेशी झाल्यावर त्यांनी पंखा काढला, वाफेच्या झोताने आगीला ओढ देणारा इंजिनाचाच ब्लोअर उघडला, आणि नव्वद पौंड दाबाला सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तेव्हा मी दचकून मागे सरले. ते हसले. चौदा वर्षं लागली म्हणाले, संध्याकाळी आणि रविवारी बसून. पेशाने दाताचे डॉक्टर!

बाबा, तुम्ही काय विचाराल ते मला ठाऊक होतं, म्हणून मीच विचारलं. पाणी कसं भरता? त्यांनी बॉयलरमध्ये पाणी घालणारा इंजेक्टर काढून तळहातावर ठेवला, सुपारीएवढा. आत शंकूसारख्या तीनही नळ्या, मोठ्या इंजिनात असतात तसेच, पण छिद्र सुईच्या जाडीचं. बॉयलरमधलीच वाफ पाणी ढकलून परत त्याच बॉयलरमध्ये घालते, हे तुम्ही मला ताटातल्या आमटीत बोट फिरवून समजावलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं. छिद्रात क्षाराचा एक कण अडकला की संपलं. आणखी एक गंमत: इंजिन आठव्या हिश्शाचं केलं म्हणून पाणी काही आठव्या हिश्शाचं होत नाही. बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या गेज ग्लासची नळी बारीक केली की पाणी काचेला चिकटून वर चढतं आणि खोटी पातळी दाखवतं. मग नळी प्रमाणापेक्षा जाडच ठेवावी लागते. मोठ्यात जे आपोआप चालतं ते छोट्यात पुन्हा विचार करून बसवावं लागतं.

बॉयलर नवीन असला की चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाणी भरून तपासतात. पुढच्या खेपांना दीडपट. त्याचा कागद दाखवल्याशिवाय बागेतल्या रुळांवर चढूच देत नाहीत. लहान इंजिनांचे बॉयलर तांब्याचे आणि सांधे जोडणारा डाग चांदीचा. तो वितळायला सहाशे अंशांच्या वर तापमान लागतं.

इथे मला आपला डालड्याचा डबा आठवला. आई, तुलाही आठवला असणार! लालबागच्या खोलीत, स्टोव्हवर डबा, त्याला तांब्याची नळी आणि बाबांनी कानशीने घासून घासून केलेलं पितळी सिलिंडर. चाक तीन मिनिटं फिरलं. मग पाणी संपलं, कथलाचा डाग वितळला, नळी निसटली आणि वाफ सरळ तुझ्या वरणाच्या पातेल्यावर. तू दोन दिवस बाबांशी बोलली नव्हतीस. दोष डब्याचा होता, सिलिंडरचा नव्हता, हे चाळीस वर्षांनी सांगते आहे.

त्या आजोबांनी मला टेंडरमागच्या, म्हणजे कोळसा-पाण्याच्या गाड्यामागच्या, डब्यावर बसवलं. घोड्यावर बसतात तसं बसायचं, पाय फळीवर. मागे चौदा माणसं, चढ होता, धुराड्याचा आवाज जड झाला आणि माझ्या केसांत राख पडली. खाली उतरल्यावर त्यांनी चाकांमागची फ्रेम दाखवली. जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही कानस मारून सरळ केलेल्या कडा. आत कोण बघतं, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खंडेनवमीचा वर्कशॉप आठवला. झेंडूच्या माळा घातलेल्या लेथपाशी मी तुम्हाला हेच विचारलं होतं आणि तुम्ही उत्तर न देता माझ्या हातात पेढा ठेवला होता.

येताना हिशोब केला. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तो रूळ १८४. म्हणजे तुमचं ते बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं वाफेचं इंजिन, डब्ल्यूपी, त्यावर चालवायचं तर नवव्या हिश्शाचं. टेंडरसकट अडीच मीटरच्या वर. लालबागला ते ठेवलं असतं तर आपण झोपलो कुठे असतो! तिकडे याहून मोठीही आहेत. केंट परगण्यात १५ इंची रुळांवर, खऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या इंजिनांची गाडी १९२७ पासून लोकांना घेऊन धावते. साडेतेरा मैल, म्हणजे चर्चगेट ते अंधेरी.

डब्ल्यूपी नको. मी नागदेवी स्ट्रीटला जाऊन तांब्याच्या जाड नळीचा भाव विचारून आले आहे. चांदीचा डाग देणारा एक कारागीरही मिळालाय, तो आधी पाण्याच्या दाबावर तपासू म्हणतो. गणपतीला येताना बॉयलर घेऊन येते. स्टोव्ह अंगणात मांडू, आईच्या चुलीपासून लांब.

बाबा, तोवर ट्रंक उघडून सिलिंडरचं आतलं माप घेऊन ठेवा. मापाचं व्हर्निअर त्याच ट्रंकेत आहे, खाली उजवीकडे, आईच्या जुन्या जरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. आई, तो तुकडा कुठे गेला म्हणून तू इतकी वर्षं शोधत होतीस ना?

तुमची,
ताई