कापूस वेचणीत नाट्यमहोत्सव कशाला?

संपादक महोदय,

हौशी नाट्यसंस्था, वहीगायनाची (वही हे खान्देशी लोकगीत) मंडळं आणि नंदुरबारकडच्या सोंगाड्या पार्ट्या, म्हणजे आदिवासी लोकनाट्याचे संच, यांनी मिळून महोत्सव करावा, याबद्दल खान्देशात कुणाचं दुमत नाही. प्रत्यक्षात वहीगायनाला उद्घाटनाआधीची दहा मिनिटं मिळतात आणि मुख्य नाटकात अहिराणी बोलतो तो फक्त घरगडी. यात कुणाचा दुष्टावा नसतो. तारीख धरली तेव्हाच हे ठरून गेलेलं असतं.

शहरी संस्थांचं वर्ष राज्य नाट्य स्पर्धेभोवती, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरभोवती फिरतं. नेमका तेव्हाच कापूस वेचणीला आलेला असतो. ऊसतोडीला गेलेले कलावंत तर दिवाळीनंतर गावात नसतातच. सातपुड्यात होळीआधीचा आठवडा आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराचा. त्या दिवसांत पावरा ढोलवाल्यांना जळगावच्या नाट्यगृहात बोलावणं म्हणजे आषाढीला वारकऱ्याला लग्नाची पत्रिका धाडणं. सगळे घरी सापडतात ते आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग या काळात. ऊन ४५ अंशांवर जातं हे खरं, म्हणून तालीम सकाळी दहाच्या आत उरकावी आणि प्रयोग रात्री ठेवावा. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो आणि वहीला रंग चढतो तो त्यानंतर. तेव्हा एकतर बंदिस्त नाट्यगृह द्या, नाहीतर माईकशिवाय शे-दीडशे माणसांचं अंगण. आमची पसंती अंगणाला.

गावात प्रयोग न्यायचा तर आधी मीटर बघा. १००० वॅटचे १० जुने पार (रंगमंचाचे दिवे) म्हणजे १० किलोवॅट, २३० व्होल्टवर सुमारे ४३ अँपिअर. शाळेच्या सिंगल फेज जोडणीवर हे लावलं की फ्यूज उडतो आणि ‘खेड्यात सोयी नाहीत’ म्हणून खापर गावावर फुटतं. दीडशे वॅटचे १० एलईडी पार दीड किलोवॅटमध्ये भागवतात. प्रत्येक संस्थेने चार-चार जुने दिवे जपत बसण्यापेक्षा तीन संस्थांनी मिळून असा एक संच घ्यावा. फ्लॅटची, म्हणजे नेपथ्यातल्या उभ्या पाट्यांची, मापंही सगळ्यांनी एकच ठरवावीत. ८ बाय ४ फुटांचा अखंड फ्लॅट छोटा हत्तीच्या सात फुटी हौद्यातून फूटभर बाहेर राहतो आणि धडगावच्या घाटात तोच कोपरा आधी फुटतो. ४ बाय ४ चे दोन तुकडे नटबोल्टने जोडावेत, भोकांचं अंतर सर्व संस्थांत सारखं ठेवावं. मग एकाचा फ्लॅट दुसऱ्याच्या नेपथ्यात बसतो.

अनुदानाचा अर्ज एकाच संस्थेच्या नावाने जातो. ती बहुधा सर्वांत जुनी म्हणून निवडली जाते, आणि तिथेच घोडं अडतं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्यावा लागतो. अनेक जुन्या संस्थांच्या दप्तरी अजून दिवंगत विश्वस्तांचीच नावं आहेत. मग बँक नव्या सह्या मानत नाही. जिचे फेरफार आणि लेखापरीक्षण अद्ययावत आहे तीच संस्था पुढे करावी, मग ती कालची का असेना.

संहितेत वही किंवा पावरी बोलीतलं गाणं आयत्या वेळी घुसडू नये. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी जाणाऱ्या प्रतीतच ते हवं, मूळ बोलीत आणि शेजारी मराठी अर्थासह. त्यासाठी गायकाला पहिल्या वाचनापासून बसवावं लागतं. असं बसवलं की तो दिग्दर्शकाला दोन ठिकाणी अडवतो. अडवू द्यावं. लेवा गणबोली (लेवा पाटीदारांची बोली) बोलणाऱ्या बाईच्या तोंडी अहिराणी घालण्याचा घोळ तिथेच थांबतो.

शेवटी पैसा. ‘सर्वांना समान मानधन’ हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण जळगावचा नट रिक्षाने येतो आणि अक्कलकुव्याच्या पार्टीला जीप करावी लागते, शिवाय दोन दिवसांची मजुरी बुडते. प्रवासखर्च आणि बुडीत मजुरी मानधनात धरू नये, वेगळी द्यावी. पार्टीच्या नावाने चेक काढू नये. नोंदणी नसल्याने त्या नावाचं खातंच बहुधा नसतं. कलावंतागणिक रक्कम लिहून प्रत्येकाच्या खात्यावर भरावी. निम्मी गाडीत बसण्याआधी, उरलेली पडदा पडल्यावर त्याच रात्री.

आपले,
काही रंगकर्मी, जळगाव-धुळे-नंदुरबार