लातूरच्या मेसवाल्या ताईंना, केजहून

ताई, नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. तसंही ट्युशन एरियातल्या पोरींना 'मावशींची मेस' एवढाच पत्ता पुरतो. नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या ट्युशनसाठी तुमच्याकडं राहणारी माझी लेक तुम्हाला मावशी म्हणते, म्हणून मी ताई म्हणतो. मी एसटीत वाहक, चार ओळींच्या पुढं लिहायची सवय नाही. पण बायको म्हणाली, भांडण तोंडी चालतं, आभार कागदावर मांडा.

ऑक्टोबरमधला तुमचा फोन अजून कानात आहे. रात्रीचे साडेदहा वाजले होते. "दादा, राग नका मानू. तुमचा फोन वाजला की लेकरू ताट बाजूला सारायलंय. तुम्ही विचारायलाव तरी काय तिला?"

काय विचारत होतो? रोज साडेआठला फोन लावायचा आणि पहिला प्रश्न, "आजच्या टेस्टला किती?" ७२० पैकी किती, मागच्या रविवारपेक्षा किती, सोबतच्या पोरीला किती. ती जेवायला बसायची वेळ तीच, हे मला माहीत होतं. फोन उचलायची खात्री म्हणून तर ती वेळ धरली होती.

त्याच्या आधी सप्टेंबर २०२५ चा पाऊस झाला होता. ज्या मांजरा धरणात पाणी उरलं नाही म्हणून २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्याच मांजरानं आमची काठावरची तीन एकर सोयाबीन शेंगांसकट झोपवली. पंचनामा, बँक, ट्युशनचा हप्ता, सगळं एकदम. त्या आठवड्यात मी लेकीला फोनवर म्हणालो, "सोयाबीन गेली, आता तूच आहेस." खरं सांगतो ताई, म्हणताना मला वाटलं की मी तिचं कौतुक करतोय.

पुढं एका रविवारी ती टेस्टमधून अर्ध्यावर उठली. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना. मला कळवलं तेव्हा मी "अभ्यास झाला नसेल" म्हणून मोकळा झालो. तुम्ही मात्र तिला आधी डॉक्टरकडं नेलं, ईसीजी काढून घेतला, हृदयाचं काही नाही याची खात्री केली. मग दुसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक बहिणीवर टाकून सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडं तिच्यासोबत रांगेत बसलात. माझ्या पोरीसाठी. मी त्या दिवशी परळी गाडीवर होतो.

तुमच्या मेसमध्ये गॅस आहे, तरी फुंकणी अजून खिळ्याला टांगलेली असते. ती तुम्ही तिच्या हातात दिलीत म्हणे. "चूल फुंकतीस ना गावाकडं? तसा श्वास सोड. जाळ नाही करायचा, निखारा नुसता फुलवायचा." चार आकडे मोजून नाकानं आत, सहा आकडे मोजून तोंडानं बाहेर. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, श्वास सावकाश आणि लांब सोडला की नाडी उतरते. पण डॉक्टरांचं ऐकून तिनं मान हलवली आणि तुमचं ऐकून केलं. आता परीक्षेच्या हॉलमध्ये फुंकणी नसते तर ती पेनाचं टोपण धरते.

दिवाळीला घरी आली तेव्हा तुमच्या मेसचे कायदे सोबत घेऊन आली. दाराजवळ परात, त्यात सगळ्यांचे मोबाईल. तोंडात घास असताना मार्कांचा विषय नाही. मला म्हणाली, "पप्पा, मावशीकडं पालकांना पण लागू आहे." पहिल्या दिवशी सगळे गप्प बसून जेवलो, कारण मोबाईल आणि मार्क काढून टाकल्यावर आमच्याकडं बोलायला काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईनं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची ती गोष्ट काढली. आठवीतल्या पोरानं हात वाळेपर्यंत ऐकली.

सगळं जमलंय असं नाही. आईची आठची मालिका परातीत बसत नाही. जेवण झाल्यावर मारुतीपर्यंत चालत जायचं ठरलंय, ते माझ्या ड्युटीप्रमाणं आठवड्यातून तीन-चार दिवस होतं. पोरगा रोज नवं कारण काढतो. पण चालताना तो जे बोलतो ते घरात बोलत नाही. अंधारात, शेजारी चालणाऱ्या माणसाला सांगणं सोपं जात असेल, तोंडाकडं बघावं लागत नाही.

माझंही एक सांगायचं आहे, समोर सांगायला जमलं नसतं. नोव्हेंबरात मुक्कामी गाडीवर होतो. रात्रीचे दोन वाजले, सीटवर आडवा, डोळ्याला डोळा नाही, डोक्यात हप्त्यांची बेरीज. तुमच्या बेसिनच्या वर, दुधाच्या हिशेबाशेजारी चिकटवलेला कागद आठवला, १४४१६. टेली-मानस, मनाच्या त्रासावर बोलायची फोनलाईन. सरकारनं ही लाईन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली, फुकट आहे, दिवसरात्र चालते, आणि मला ती तुमच्या बेसिनवर कळली. लावला फोन. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या. उपदेश नाही, घाई नाही. शेवटी विचारलं, दिवसाला चहा किती? मोजले, नऊ. शेवटचा रात्री दहाला, स्टँडवर. दुपारनंतरचा चहा बंद करायला मला पंधरा दिवस लागले. त्या दिवसांत बिचाऱ्या प्रवाशांनी सुट्ट्या पैशांवरून काय काय ऐकून घेतलं!

लेकीची एक तक्रार आहे, ती पोचवतो. पोरींना पाचनंतर चहा नाही आणि मावशी स्वतः नऊला कपभर पितात.

आणि येळवस, म्हणजे वेळ अमावास्येला शेतात जाऊन जेवायचा सण. आमच्या घरी ती करत नाहीत, तिनं फक्त नाव ऐकलं होतं. टेस्ट सिरीज ऐन भरात असताना तुम्ही मेसला कुलूप लावून सहा पोरींना औशाकडं भावाच्या शेतात नेलंत. मी ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला होता, अख्खा दिवस गेला म्हणून. संध्याकाळी तिचाच फोन आला. कडब्याची कोप, हिरव्या दाण्यांची भज्जी, आंबील, आणि जेवून तिथंच कोपीच्या सावलीत दोन तास झोपले, म्हणाली. दिवसा झोपल्याचं ती मला पहिल्यांदाच न घाबरता सांगत होती. मी विचारलं, "आंबील आवडली का?" वीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की टेस्टचं विचारायचं राहूनच गेलं.

आता बारावी तोंडावर आहे, मग नीट. दिवे अकराला बंद करता ते करतच राहा. जागून पाठ केलेलं झोपेशिवाय डोक्यात मुरत नाही, हे तिला आता पटलंय, मला पटायला थोडा वेळ लागेल. मधूनच हात फोनकडं जातो. मग आधी बायकोला विचारतो, काय विचारू? ती म्हणते, भाजी कोणती होती ते विचारा.

तुमचा तीन पुडांचा डबा दिवाळीपासून आमच्याकडंच आहे. पुढच्या मंगळवारी लातूर ड्युटी लागली आहे, घेऊन येतो. आई शेंगदाण्याची चटणी भरून देणार आहे, तिखट थोडं जास्त असतं तिच्या हातचं.

तुमचा,
लेकीचा बाप
केज, जि. बीड