वाळूची गाडी खाली होण्याआधी बरणी भरून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

अंबडच्या एका कंपनीत मी 27 वर्षं इनकमिंग इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे बाहेरून आलेला माल गेटवर तपासायचा, बोल्टचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा आणि पेटीतले दोन-चार जरी नापास निघाले तरी लाल टॅग लावून अख्खी पेटी परत. तर एवढं सगळं करणाऱ्या माणसाने 2018 ला म्हसरूळला स्वतःचं घर बांधताना वाळूची गाडी आली तेव्हा काय केलं, तर ड्रायव्हरला चहा पाजला आणि सही केली. बस.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर हॉलच्या भिंतीला हात लावला की हाताला करडी भुकटी यायला लागली, बोटाने ठोकलं तर मडक्यासारखा आवाज, आणि शेवटी मिस्तरीने एका कोपऱ्यात छिन्नी घातली तर परातीएवढा गिलावा पापडासारखा सुटून हातात आला. आता पाणी मारण्यात आम्हीही कमी पडलो असू, पाहुणे सोडायला दोन दिवस गावी गेलो होतो, सगळा दोष वाळूवर टाकत नाही. पण तो तुकडा चुरून पाण्यात टाकला तर अर्धं भांडं गढूळ. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, म्हणून जी घेतली होती ती क्रशरखालची कच होती, खडी फोडताना जी पावडर पडते ती, आणि त्यात वरची मातीही होती.

आता पहिला मजला चढवतोय. मुलाचं लग्न आहे. यावेळी ठरवलं की सिमेंट आणि सळई तर सगळेच बघतात, कंपनीचं नाव छापलेलं असतं त्याच्यावर, वाळूवर काहीच छापलेलं नसतं म्हणून ती आपणच बघायची.

सोपी गोष्ट आहे. सरळ उभ्या काचेची बरणी घ्यायची, आमच्याकडे लोणच्याची होती. अर्ध्याला जरा कमी वाळू, वरती पाणी, त्यात मीठ, अर्ध्या लिटरला एक चमचा हिशोबाने, मिठाने माती लवकर खाली बसते. झाकण लावून चांगली हलवायची आणि ओट्यावर तीन तास कोणी हात लावणार नाही अशी ठेवायची. खाली जाड कण, वर बारीक वाळू आणि सगळ्यात वर साईसारखा एक थर येतो, तो गाळ. नातवाच्या कंपासमधली पट्टी लावली, वाळू 90 मिलिमीटर, गाळ 12. म्हणजे 13 टक्के झाला. नदीच्या वाळूला साइटवर साधारण 8 टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, म्हणजे 90 ला 7 मिलिमीटर. ती वाळू मी घेतली नाही. सप्लायर फोनवर म्हणाला, काका, सगळं नाशिक हीच वाळू वापरतंय. वापरत असेल. आमचा मिस्तरी पण हसला, म्हणे वाळू काय खायची आहे का. त्याला मी हॉलची भिंत दाखवली.

यात एक अडचण आहे, गाडीवाला तीन तास थांबत नाही, त्याला दुसरी ट्रिप असते. म्हणून आदल्या दिवशी त्याच्या ठेल्यावर जायचं आणि सॅम्पल आणायचं, ते पण ढिगाच्या वरचं नाही, वरचं पावसाने धुतलेलं असतं, पाच-सहा ठिकाणी ढिगाच्या पोटात हात घालून काढायचं आणि एकत्र करायचं. त्यातली एक पिशवी घरी ठेवायची. गाडी आली की फाळका उघडायच्या आधी वर चढून त्या पिशवीशी जुळवायची, तळहातावर चोळायची, झटकल्यावर हात मातकट राहिला तर गाडी उभी ठेवायची. कोळशाचे काळे तुकडे, मुळ्या, शिंपले दिसतात का ते बघायचं, कोळशासारखा कण गिलाव्यात राहिला की पुढे फुगतो आणि तिथे टवका उडतो.

आता क्रश सँडचं वेगळं आहे आणि इथेच लोक फसतात. तिला बरणीतला नियम जसाच्या तसा लावला तर चांगली वाळूपण नापास होईल, कारण तिच्यात दगडाचीच पावडर असते. आपल्याकडच्या आयएस 383 या मानकात 75 मायक्रॉनपेक्षा बारीक माल नदीच्या वाळूत वजनाने 3 टक्के चालतो आणि दगड फोडून केलेल्या वाळूत 15 टक्के. बरणीतले 8 टक्के थराच्या उंचीवरचे होते, हे वजनाचे, दोन्ही एकत्र करू नका. पण पावडर दगडाची पाहिजे, मातीची नाही. बरणीतला वरचा थर काढून बशीत वाळवा, दगडाची पावडर बोटाने दाबली की भुसभुशीत सुटते, माती असेल तर तडे जाऊन ढेकूळ धरते. लॅबइतकं पक्कं नाही हे, पण कळतं. आणि कणाचा आकार बघा. व्हीएसआय, म्हणजे दगड जोरात आपटून वाळू करणाऱ्या मशीनमधून निघालेली वाळू गोटीबंद, चौकोनीसर असते, कच मध्ये सुईसारखे चपटे तुकडे जास्त असतात, असल्या मालाला पाणी जास्त लागतं आणि थापीखाली ओढत नाही. गवंडी मग काय करतो, मसाल्यात पाणी वाढवतो, आणि पाणी वाढलं की सुकताना तडे.

नदीची वाळूच पाहिजे असा हट्ट मला तरी पटत नाही. गिरणेची, तापीची वाळू म्हटलं की आमच्या पिढीचे डोळे चमकतात, पण पावसाळ्यात उपसा बंद असतो आणि बाकीच्या वेळी कुठली वाळू कुठल्या नावाने येते कोण सांगणार. 2023 ला सरकारने 600 रुपये ब्रासने वाळू देऊ असं सांगितलं, 2025 ला धोरण बदलून परत लिलाव आला. नाशिकच्या आजूबाजूला काळा दगड भरपूर आहे, धुतलेली क्रश सँड स्लॅबला बिनधास्त वापरा, गिलाव्याला वेगळी बारीक मागा. नदीची घेणार असाल तर महाखनिज या सरकारी ऑनलाइन यंत्रणेचा वाहतूक पास बघा, त्यावरचा गाडी नंबर समोरच्या गाडीचाच आहे का, तारीख आणि वेळ उलटून गेली आहे का. चोरीची वाळू आपल्या दारात रिकामी झाली तर उद्या तलाठी आपल्याला विचारणार.

पैशाचं राहिलं. वाळू ब्रासवर विकतात, 100 घनफूट म्हणजे एक ब्रास, गाडीची आतली लांबी रुंदी उंची फुटात गुणायची आणि 100 ने भागायची. पण ओलसर वाळू फुगते, कणांना पाणी चिकटून ते एकमेकांपासून लांब राहतात. मी तेलाच्या सरळ डब्यात 20 सेंटीमीटर ओलसर वाळू सैल भरली, नंतर ती काढून डब्यात अर्धं पाणी घेतलं आणि तीच वाळू परत टाकून सळईने ढवळली, 16 वर आली. म्हणजे 25 टक्के फुगवटा. 4 ब्रासची गाडी म्हणून पैसे दिले त्यात वाळू 3.2 ब्रास, बाकीची हवा. पैसे तर गेलेच, वर मिस्तरी घमेल्याने मोजतो, एका गोणीला इतकी घमेली, त्यामुळे काँक्रीटमध्ये वाळू कमी पडते आणि खडी उघडी राहते. ओली वाळू आली तर घमेली वाढवायला सांगा, हे कोणी सांगत नाही. गाडीत मधे डोंगर आणि कडेला खड्डा असेल तर तीन-चार ठिकाणी सळई खुपसून खोली मोजायची, ड्रायव्हर तोंड वाकडं करतो, करू दे.

मोठं काम असेल तर लॅबमध्ये चाळणी टेस्ट करून घ्या. ज्या शहरात दिंडोरी रोडला मेरीसारखी संस्था धरणांसाठी संशोधन करते तिथे आपण पन्नास-साठ लाखाच्या घराला वाळू अंदाजाने घेतो. रिपोर्टमध्ये बाकीचं कळलं नाही तरी 600 मायक्रॉनच्या चाळणीची ओळ बघा, तिथून 35 ते 59 टक्के माल खाली गेला असेल तर ती झोन 2 मध्ये, म्हणजे मध्यम जाडीच्या गटात बसते, म्हणजे स्लॅबला योग्य.

आता तुमच्याकडे मागणी. 2027 च्या कुंभमेळ्यामुळे नाशकात जिकडे तिकडे कामं चालू आहेत, वाळूची ओढ आहे आणि ओढ असली की काहीही खपतं. लासलगावचे कांद्याचे भाव तुम्ही रोज कमाल, किमान, सरासरी असे छापता, तसे आठवड्यातून एकदा नदीची वाळू, धुतलेली क्रश सँड, न धुतलेली आणि कच असे चार वेगवेगळे भाव छापा. आज चारही गोष्टींच्या बिलावर नुसतं "वाळू" लिहून येतं. भाव वेगळे छापून आले तर निदान माणूस विचारेल तरी की यातली मला कोणती दिली.

ती बरणी मात्र बायकोने लोणच्याला परत घेतली नाही. साइटवरच आहे, गवंड्याच्या हत्यारांजवळ, आणि गेल्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटवाले मागून घेऊन गेले.

आपला,
एक जुना वाचक, म्हसरूळ, नाशिक