खुबा मोडण्याआधी कुणी घरी येईल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. आमच्या आळीतल्या ज्येष्ठांना ते काढून घ्या म्हणून मी स्वतः सांगत फिरले. पण हे कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावरच कामाला येते. भरती होण्याची वेळच येऊ नये म्हणून काय करतो आहोत, हे विचारण्यासाठी हे पत्र.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीतली बरीच वर्षे सरकारी रुग्णालयांच्या हाडांच्या वॉर्डात गेली. खुब्याचे हाड मोडलेली एकही आजी वॉर्डात नाही, असे क्वचितच झाले असेल. बरोबरची माणसे म्हणायची, 'पाय घसरला.' मी मात्र खोदून विचारायची : कधी, कुठे, पायात काय होते? पहाटे लघवीला उठल्या. दिवा लावला नाही, कारण बटण पलीकडच्या भिंतीवर आणि उजेडाने नातवंडे जागी होतील. पायात झिजून गुळगुळीत झालेली स्लीपर. संडास अंगणाच्या टोकाला आणि मधली शहाबादी फरशी पावसाने शेवाळलेली. एक आजी संडासातच पडल्या. दार आत उघडणारे, त्यात त्या दारालाच आडव्या झालेल्या. मुलाने शेवटी पहारीने बिजागऱ्या उखडल्या, तोवर त्या ओल्या फरशीवर तशाच पडून होत्या.

अशा रुग्णाची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे आधी तेल चोळून होते, मग कुणीतरी हाडवैद्य सुचवतो आणि रुग्ण आमच्यापर्यंत येतो तेव्हा पाठीला जखमा सुरू झालेल्या असतात, छातीत कफ भरलेला असतो. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पूर्वीसारखे चालता न आलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या. घरी सोडताना कागदावर अंगठा देता देता त्या विचारायच्या, 'सिस्टर, आता मला मोरीत कोण नेणार?' त्यावर मी काय सांगणार होते?

दुसरी गोष्ट गोळ्यांची. भरतीच्या वेळी आजी-आजोबांची गोळ्यांची पिशवी मी खाटेवर रिकामी करायची. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या, आणि रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी, दोन्ही रोज चालू. त्यात झोपेची गोळी, कधी प्रोस्टेटची. यातल्या काही गोळ्यांनी माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. उठल्यावर आधी दोन मिनिटे खाटेच्या कडेला पाय सोडून बसा, मग उभे राहा, एवढे साधे सांगणेही त्यांच्या कानावर पडलेले नसते. काही आजोबा तर रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाहीत आणि त्यानेच जास्त गरगरते. वाचकांनी आजच आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची पिशवी एकाच डॉक्टरासमोर मोकळी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये.

सरकारकडे यंत्रणा नाही असे नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी दहा खाटांचा वेगळा वॉर्ड आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा त्यांची वेगळी तपासणी सांगितली आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे : उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? हा प्रश्न ज्याने घातला त्याला माझा नमस्कार. पण माझ्या पाहण्यात तरी 'हो' असे उत्तर आल्यावर पुढे काहीच होत नाही. फॉर्म भरला जातो, आशाताई पुढच्या घरी जातात आणि 'हो' म्हणालेली आजी त्याच रात्री त्याच अंधारात उठते.

त्या 'हो'ला काही अर्थ यायला हवा. असे उत्तर देणाऱ्या माणसाच्या घरी पंधरा दिवसांत कुणीतरी पुन्हा जावे. खाट ते संडास ही वाट चालून पाहावी. दिव्याचे बटण हाताशी आहे का, पायपुसणे सरकते का, उंबऱ्याला पाय अडतो का, कडी बाहेरून काढता येते का, हे बघायला अर्धा तास पुरतो. त्याच वेळी गोळ्यांची यादी करून ती आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवावी, डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर पुढे पाठवावे.

आणि भिंतीतली दांडी! संडासात व मोरीत धरायला एक मजबूत दांडी, नीट बोल्ट मारून बसवलेली. गावोगाव इतकी शौचालये बांधली गेली, पण आमच्या भागात तरी अशी दांडी मला अपवादानेच दिसली. उकिडवे बसून उठताना म्हातारी माणसे नळाला धरतात आणि नळ हातात येतो. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजू ज्येष्ठांना साहित्यासाठी तीन हजार रुपये एकरकमी मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा ही नावे त्या यादीत आहेत. त्यांच्या जोडीला भिंतीतल्या दांडीचेही नाव घालावे आणि ती बसवणाऱ्या गवंड्याची मजुरीही त्याच पैशांतून देता यावी.

हे सगळे पुन्हा आशाताईंच्याच डोक्यावर फुकट टाकू नये, हेही सांगून ठेवते. फॉर्मचे, पोलिओचे, गरोदर बायांचे काम त्या आधीच ओढत आहेत. या भेटीचा मोबदला वेगळा ठरवावा आणि तो दर महिन्याला वेळेवर मिळावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कराड