पेळूचे कान ओले करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "हाव हाव" म्हणून विषय बदलता आणि सशाचं खाणंपिणं विचारायला लागता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. इथे तुम्हाला मला मधेच थांबवता येणार नाही.

गेल्या मे महिन्यातली ती दुपार. अकोल्याचा पारा ४५ च्या घरात, आणि एक वाजता लाइन गेली. आमचा पेळू, लांब केसांचा अंगोरा ससा, माडीवरच्या खोलीत होता, वर टिन. पांढराशुभ्र, सरकी काढलेल्या कापसासारखा, म्हणून लेकीने त्याचं नाव पेळू ठेवलेलं. ज्या दुकानातून तो आणला तिथे "कूलरसमोर ठेवा, बस" एवढंच सांगितलं होतं. कूलर बंद पडून तास झाला तेव्हा मी वर गेले. तो आडवा पसरला होता, मान लांब केलेली, तोंड उघडं, हनुवटीखालचे केस लाळेने चिकट झालेले. कानांना हात लावला तर तव्यावरून नुकत्या काढलेल्या पोळीसारखे गरम. मी त्याला उचललं आणि थेट न्हाणीघरातल्या बर्फ टाकलेल्या बादलीकडे निघाले. लेक रडत तुमच्या घराकडे पळाली होती, म्हणून बरं.

काका, तुम्ही जेवणावरून उठून आला होतात. हात नीट पुसलेलाही नव्हता. दारातूनच ओरडलात, "पान्यात नोको बुडवू त्याले, झटका बसते! कान वले कर, कान!"

त्या शब्दांनी पेळू वाचला. तुम्ही त्याला खालच्या खोलीत आणून कडप्प्याच्या फरशीवर ठेवलं, माठातल्या पाण्यात रुमाल भिजवून पिळला आणि एकेका कानावरून मुळापासून टोकाकडे फिरवत राहिलात. मला पुठ्ठ्याने वारा घालायला बसवलंत. कानांतल्या निळसर शिरा फुगून दोरीसारख्या दिसत होत्या. त्या मला दाखवत तुम्ही म्हणालात, "त्याले घाम येत नाही पोरी. आंगातली गरमी इथूनच भाईर जाते." तेव्हा मला कळलं की अंगावरून नुसता पंख्याचा वारा गेला तर सशाला त्याचा फारसा उपयोग का होत नाही. घामच नाही तर वारा वाळवणार काय? कान ओले असले की मात्र तोच वारा कामाला येतो.

मग तुमचा जुना थर्मामीटर निघाला. १०६. सशाचं नेहमीचं १०१ ते १०४ असतं, हे तुम्ही अगदी शांत आवाजात सांगितलंत, मी घाबरू नये म्हणून. दर पाच मिनिटांनी बघत होतात आणि १०४ च्या खाली आल्याबरोबर रुमाल बाजूला ठेवलात. पुढे आणखी थंड केलं तर तो उलटा गारठेल, हे मला कधीच सुचलं नसतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तुम्हीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. कातडीखाली सलाइन दिलं गेलं, तेव्हाही त्याला धरून तुम्हीच बसला होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दाराची कडी वाजली. तुमचा पहिला प्रश्न होता, "लेंड्या किती टाकल्या रात्रभर?" मी मोजल्या नव्हत्या. आपण दोघांनी वाकून ट्रे पाहिला. अकरा, बारीक बारीक. तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. सशाचं आतडं थांबलं की तो जातो, आणि उन्हाचा मार बसल्यावर तेच आधी थांबतं, हे तुम्ही नंतर समजावलंत. आता बारा तास लेंडी नाही किंवा तोंडात घास नाही असं झालं, तर मी कोणाची वाट न बघता डॉक्टरांकडे निघते.

केस कापण्याचे ते तीन दिवस मला खास सांगायचेत. मी म्हणाले होते की सलूनचं मशीन आणून सफाचट करून टाकू. तुम्ही कापूच दिलं नाही. त्याच्या पाठीवरचे केस फुंकर मारून बाजूला केलेत आणि खालची कातडी दाखवलीत, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. केस ओढून कातर चालवली तर कातडीही वर उचलली जाते आणि कापली जाते, म्हणून आधी बोटं कातडीला टेकवायची आणि बोटांच्या वरचेच केस कापायचे. बोटभर रुंदीचा थर तसाच ठेवायचा. रोज पहाटे पंधरा मिनिटं, मांडीवर टॉवेल घेऊन. कानांमागे आणि काखेत जटा झाल्या होत्या, त्या तुम्ही न कापता बोटांनी उलगडत बसलात. तिसऱ्या दिवशी पिशवीभर केस निघाले आणि खालून निम्म्या आकाराचा ससा! लेक तर त्याला ओळखेचना.

हा अंगोरा, थंड मुलखातला जीव. आपल्याकडे लोकरीसाठी तो कुल्लूसारख्या डोंगराळ भागात पाळतात. तो वऱ्हाडात आणला ही चूक आमचीच होती, पण त्याबद्दल तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. उलट घरातल्या वस्तूंतून त्याची सोय लावून दिलीत. फुटक्या रांजणाचा अर्धा भाग आडवा ठेवून बाहेरून पाणी शिंपडायचं, आत तो बसतो. फ्रीजरमध्ये गोठवलेली बाटली जुन्या सुती ओढणीत गुंडाळून शेजारी ठेवायची. पाण्याला नळीची बाटली नको, मातीची परळं हवीत, दोन. हरळी धुऊन ओलीच घालायची. कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, नाहीतर खोलीत दमट कोंदतं. टिनाखालची खोली तर तुम्ही त्याच दिवशी बंद करायला लावलीत.

गुराढोरांत नोकरी झालेल्या, पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने दोन किलोच्या सशासाठी भर उन्हात चार चकरा मारल्या. तुम्ही पैसे घेतले नाहीत, साडी-धोतराचं पुडकं परत पाठवलंत. मी किती ऋणी आहे ते मला नीट सांगता येत नाही.

पेळू मजेत आहे. केस पुन्हा चांगले चार बोटं वाढले आहेत. फेब्रुवारी संपत आला, दुपारी फरशी आता कोमट लागते. तुमची कातर मी तेल लावून डब्यात ठेवली आहे. तुम्ही आता अमरावतीला असता, तिथून शिवरात्रीनंतर दोन दिवस आलात तर पहिला हात तुमचाच. नाही जमलं तर व्हिडिओ कॉल लावून मी कापीन, फक्त तुम्ही समोर बसा आणि कातडी ओढली गेली की ओरडा.

तुमची,
मागच्या गल्लीतली पेळूची आई