वहीत खूण करू का, असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

हे पत्र हातात द्यायला मी दोनदा तळमजल्यापर्यंत आले आणि तशीच परत वर गेले. तुमच्यासमोर बोलायला लागले की माझ्या डोळ्यांत पाणी येणार आणि तुम्ही लगेच चहाचं विचारून विषय बदलणार. म्हणून इथे, चारचौघांसमोर लिहिते आहे. तुम्हाला गाजावाजा आवडत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते.

आमच्या घरचा हिशेब ग्नूकॅश नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहे. ह्यांनी २०१६ मध्ये तो कॉम्प्युटरवर घातला. फुकट मिळतं, १९९८ पासून जगभरची माणसं ते हौसेनं सांभाळतात, आणि त्यात प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी लिहिली जाते, जमा आणि नावे, हे त्यांना फार आवडायचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्या महिन्याच्या नऊ तारखेची किराणा मालाची नोंद त्यांच्या हातची शेवटची. त्यानंतरचं सगळं मी लिहिलं. दिवसा दोनशे पानी वहीत, रात्री मुलगी झोपली की कॉम्प्युटरवर. शिकवण्यांची फी, भाषांतराचे पैसे, गाळ्याचं भाडं, ठेवींचं व्याज. एक दिवस चुकवला नाही.

आणि तरीही गेल्या वर्षी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या कर्जासाठी उत्पन्नाचा रिपोर्ट काढला, तेव्हा आकडा आला साडेसात लाखांच्या वर. शैक्षणिक कर्जावरच्या केंद्राच्या पूर्ण व्याज सवलतीसाठी घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावं लागतं. एवढे पैसे माझ्याकडे आले असते तर मी सवलतीसाठी कशाला धावले असते? पण कागद माझ्याच कॉम्प्युटरमधून निघालेला. बँकेतल्या बाईंनी तो वाचला आणि मुलीच्या देखत म्हणाल्या, "साडेसात लाख कमावता आणि सवलत मागता?" मुलगी रिक्षात एक शब्द बोलली नाही. ते मला अजून सहन होत नाही.

त्यानंतर कुठे कुठे गेले, ते तुम्हाला पूर्ण सांगितलेलं नाही. आमचं रिटर्न भरणाऱ्या ऑफिसात म्हणाले, हे सॉफ्टवेअर वगैरे टाकून द्या, किती दाखवायचं ते बोला, आम्ही आकडा टाकतो. मला आकडा दाखवायचा नव्हता हो, माझा खरा आकडा मला कळायला हवा होता. तहसीलदारांच्या दाखल्यासाठी अर्जावर मी सही करणार, तर त्यावरचा आकडा मला छातीवर हात ठेवून सांगता यायला नको? आणि टाकून काय द्यायचं, ह्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी? मग कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका मुलाला बोलावलं. त्यानं आल्या आल्या माउस माझ्या हातातून घेतला, दहा मिनिटं खटाखट काहीतरी केलं, रिपोर्ट साडेचार लाखांच्या आसपास आणून दिला आणि पंधराशे रुपये घेऊन गेला. रात्री पाहते तर बँकेच्या खात्यातली शिल्लक पासबुकाशी तीन लाखांनी जुळेना. त्यानं मोठ्या नोंदी चक्क पुसून टाकल्या होत्या. नशीब, फाइलची आधीची प्रत जपलेली होती.

अशा अवस्थेत मी तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही पतसंस्थेत छत्तीस वर्षं हिशेब सांभाळलेत, एवढंच मला माहीत होतं. कॉम्प्युटर उघडून मी खुर्चीवरून उठायला लागले, तर तुम्ही हातानंच बसा म्हणालात आणि शेजारी स्टूल ओढून घेतलंत. मग म्हणालात, "आधी वही बघू."

इतक्या महिन्यांत वही कुणीच मागितली नव्हती.

तुम्ही चष्मा पुसला, वही मांडीवर घेतली, शर्टाच्या खिशातून बोटभर पेन्सिल काढली आणि थांबलात. मला विचारलंत, "ताई, तुमच्या वहीत खूण केली तर चालेल ना? पेनानं नाही करत. नको असेल तेव्हा खोडता येईल."

काका, ह्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे. माझ्या वहीत खूण करायला कुणी माझी परवानगी मागितली होती! नवरा गेल्यावर बाईच्या कागदांना कुणीही हात लावतं. दीर लावतात, एजंट लावतात, काउंटरवरचा माणूस तर न बघताच कागद परत सरकवतो. तुम्ही वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेत, चुका काढणं हेच तुमचं काम होतं. तरी त्या वहीची मालकीण समोर बसली आहे हे तुम्ही विसरला नाहीत. तासभर पान उलटत, बेरजा करत बारीक खुणा करत गेलात. मग वही मिटून म्हणालात, "वहीत एक पै चुकलेली नाही. चुकलंय ते कॉम्प्युटरला सांगताना." त्या दिवशी घरी गेल्यावर मी खूप रडले, आणि बऱ्याच दिवसांनी ते रडणं हलकं करणारं होतं.

बाकी सगळं तर तुम्ही दोन संध्याकाळांत माझ्याच हातून करून घेतलंत. "जमा झालेलं सगळं उत्पन्न नसतं, ताई. तो रोजमेळ झाला, रोज आलं-गेलं मांडायची वही." तीन लाखांच्या ठेवीची मुदत संपली आणि पैसे बचत खात्यात आले, ते मी उत्पन्नात लिहिले होते. पोस्टातून बँकेत आणलेले चाळीस हजारही तसेच. या खिशातलं त्या खिशात गेलं, त्यात कमाई कसली? व्याज तेवढं कमाई. रिपोर्टचं वर्षही जानेवारी ते डिसेंबर धरलं जात होतं, कारण सॉफ्टवेअर मुळात तसंच येतं. आपलं हिशेबाचं वर्ष एप्रिलला उजाडतं, हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

आणि एक चूक उलटी निघाली. भाषांतराचे वीस हजार ठरले की दहा टक्के कर कापून अठरा हजार हातात यायचे, आणि मी अठराच लिहायची. "उत्पन्न वीसच. दोन हजार सरकारकडे तुमच्या नावानं जमा आहेत, त्यांचं वेगळं खातं उघडा." वर्षाचे आठ हजार झाले. आपल्या नावानं किती कर जमा झाला ते दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये रुपया न् रुपया दिसत होता. इतकी वर्षं रिटर्न भरून देणाऱ्यांनी तो फॉर्म उघडून पाहिला नव्हता. खरं तर ही दुरुस्ती केल्यानं माझं उत्पन्न वाढत होतं आणि मी मर्यादेच्या आणखी जवळ जात होते. तुमचा आवाज जराही बदलला नाही. "जे आहे ते लिहायचं," म्हणालात.

२०२४-२५ चा रिपोर्ट शेवटी मी स्वतः काढला. शिकवण्या २,१६,०००, भाषांतर ८०,०००, भाडं ९६,०००, व्याज ३८,४००. एकूण ४,३०,४००. बँकेची शिल्लक पासबुकाशी जुळलेली. तुम्ही कागद हातात घेऊन प्रत्येक ओळ वहीशी ताडून पाहिलीत आणि शेवटच्या बेरजेपाशी पुन्हा तीच बारीक खूण केलीत. कागद तुमच्याच हातात होता, तरी "करू ना?" असं विचारून.

दाखला मिळाला. सवलतीचा अर्ज मंजूर झाला. कापलेल्या कराचे आठ हजारही खात्यात परत आले. त्यातले काही पैसे घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही पाकीट बघितलंसुद्धा नाहीत, "पोरीला पुस्तकं घ्या" म्हणालात. घेतली आहेत.

ह्यांच्या नोंदी आहेत तशाच आहेत, काका. तुम्ही एकीलाही हात लावू दिला नाहीत, त्या चोख होत्या. वहीतल्या तुमच्या खुणाही मी खोडलेल्या नाहीत.

मुलगी रविवारी पुण्याहून येते आहे. तिला तुम्हाला भेटायचं आहे, आणि तिच्या मेसचा हिशेबही दाखवायचा आहे म्हणते. संध्याकाळी घरी असाल ना? खरवस केला तर काकूंना चालेल का, तेवढं कळवा.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची ताई
सातारा